‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कसा ओळखावा आणि ते कसे वापरावे

मराठीत लिहिताना फाटकाचे ‘गेट’ आणि मिळण्याचे ‘गेट’ एकाच अक्षरांत लिहावे लागते, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण दोन्हींचा उच्चारही एकसारखाच करतात. इंग्रजी कानाला मात्र ते दोन वेगळे शब्द ऐकू येतात. फाटकाच्या शब्दातला ‘ए’ लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो, तर क्रियापदातला ‘ए’ आखूड असतो आणि ‘ट’पाशी तोडल्यासारखा थांबतो. हा लेख या दुसऱ्या, आखूड ‘गेट’विषयी आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द जेवढा छळतो, तेवढे लांबलचक शब्द छळत नाहीत. लांब शब्द अडला की कोश उघडावा, अर्थ वाचावा आणि पुढे जावे. ‘गेट’साठी कोश उघडला तर नोंद पानभर पसरलेली असते आणि ती संपेपर्यंत आपण कोणते वाक्य घेऊन आलो होतो तेच आठवत नाही. मी काही वर्षे संध्याकाळच्या वर्गात नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवत असे, तेव्हा ‘या गेटचे एकूण अर्थ तरी किती?’ हा प्रश्न प्रत्येक तुकडीत ठरलेला असे. मोजायचेच म्हटले तर इंग्रजीत याहूनही पसरट शब्द आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती आणि तिच्यात चारशेहून अधिक अर्थ नोंदवलेले होते. परंतु अर्थ सुटे करून मांडणे हे कोशकाराचे काम आहे. वाक्य ऐकणाऱ्याला त्यांतला एकच अर्थ हवा असतो, आणि तोही समोरचा पुढचे वाक्य उच्चारण्याच्या आत.

तो कसा सापडतो हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, कारण मराठीतही असाच एक शब्द आपण दिवसभर वापरतो: ‘लागणे’. भूक लागते, नोकरी लागते, फोन लागतो, ठेच लागते, चित्रपट लागतो, दूध भांड्याला लागते, एखादे बोलणे मनाला लागते, मूल रडायला लागते आणि गावाला जावे लागते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणें’ या नोंदीखाली अर्थांची भलीमोठी रांग आहे, पण ती पाठ करून कोणी मराठी बोलायला शिकलेले नाही. ‘बस लागली’ एवढे दोनच शब्द घ्या. ‘बस फलाटाला लागली’ म्हटले की आपण पिशव्या उचलतो आणि ‘मला बस लागली’ म्हटले की लिंबू शोधतो. क्रियापद तेच, बसही तीच. फरक फक्त ‘फलाटाला’ आणि ‘मला’ यांचा आहे. शेजारचा शब्द पाहून अर्थ ठरवण्याची ही सवय आपल्या हाडीमांसी आहे. ‘गेट’साठी नवे काही शिकायचे नसून हीच सवय इंग्रजीत न्यायची आहे, एवढेच की मराठीत सुगावा बहुधा क्रियापदाच्या आधी असतो आणि इंग्रजीत तो क्रियापदाच्या नंतर येतो. म्हणून ‘गेट’ ऐकल्याबरोबर अर्थ लावायची घाई करू नये. त्याच्या पुढचा शब्द येऊ द्यावा.

वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहीत असे. ‘आय गॉट अप ॲट सिक्स, गॉट द किड्स रेडी, गॉट द सेव्हन-फॉर्टी लोकल, गॉट टू द ऑफिस बाय नाइन, गॉट स्कोल्डेड एनीवे, अँड गॉट होम सो लेट दॅट द फूड हॅड गॉट कोल्ड.’ डोंबिवलीकराच्या या दिवसाचे मराठी करायचे तर ‘उठलो, मुलांची तयारी केली, लोकल पकडली, ऑफिसला पोहोचलो, तरीही बोलणी खाल्ली, आणि घरी आलो तोवर जेवण गार झाले होते’ असे करावे लागेल. इंग्रजीत सात वेळा एकच क्रियापद आले आणि मराठीत मात्र प्रत्येक वेळी वेगळे क्रियापद घ्यावे लागले. तरीही या सातही ठिकाणी एक धागा समान आहे: आधी जे नव्हते ते नंतर झाले. झोपलेला माणूस जागा झाला, घरातला माणूस ऑफिसात गेला, गरम अन्न गार झाले. ‘गेट’ नेहमी बदलाकडे बोट दाखवते आणि बदल कशाचा, ते पुढचा शब्द सांगतो.

पुढे नाम आले तर

‘गेट’च्या पुढे एखादी वस्तू आली तर ती वस्तू कर्त्याकडे येते, हा पायाभूत अर्थ. ती मिळते, विकत घेतली जाते, उठून आणली जाते किंवा नको असताना येऊन चिकटते. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे पत्र आले, ‘आय गॉट अ न्यू फ्रिज’ म्हणजे बहुधा विकत घेतला, ‘गेट युवर बॅग’ म्हणजे जाऊन घेऊन ये आणि ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली. विनोद, मुद्दा किंवा बोलणे पुढे आले तर समजण्याचा अर्थ येतो, कारण समजणे म्हणजेही डोक्यात काहीतरी येणेच. दाराची बेल वाजल्यावर ‘आय विल गेट इट’ म्हटले तर ‘मी बघतो’ असा अर्थ. ज्याला ‘मिळणे’ एवढेच ठाऊक आहे, तो इथे दारातून काय मिळणार याचा विचार करत बसतो.

मराठी माणसाची खरी अडचण अर्थात नसून वाक्याच्या बांधणीत आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवे. ‘मला पत्र मिळाले’ या वाक्यात कर्त्याच्या जागी पत्र आहे, क्रियापदही त्याच्याप्रमाणेच चालते आणि ज्याला मिळाले तो ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजीत उलटे आहे: मिळवणारा पुढे येऊन ‘आय’ म्हणून उभा राहतो आणि पत्र मागे जाते. त्यामुळे ‘देवगडला चांगला हापूस मिळतो’ याचे इंग्रजी करताना नवशिका ‘गुड हापूस गेट्स इन देवगड’ असे लिहून मोकळा होतो. ते वाक्य इंग्रजीत उभेच राहत नाही, कारण आंब्याला काही मिळत नसते. ‘यू गेट गुड हापूस इन देवगड’ असे म्हणावे लागते. इथला ‘यू’ म्हणजे समोरचा ‘तुम्ही’ नसून कोणीही, जो जाईल तो. ‘मिळणे’ डोक्यात आले की आधी ‘कोणाला?’ असे विचारावे आणि जे उत्तर येईल ते वाक्याच्या सुरुवातीला ठेवावे. या एका सवयीने निम्म्या चुका जातात.

एक विनोदी चूक टाळण्यासारखी आहे. भाऊ डॉक्टर झाला, हे सांगताना एकाने माझ्या वर्गात ‘माय ब्रदर गॉट अ डॉक्टर’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ भावाने डॉक्टर बोलावून आणला असा होतो, आणि ऐकणारा ‘कोण आजारी आहे?’ असे विचारील. नामाच्या बाबतीत ‘होणे’ हा अर्थ ‘गेट’ देत नाही. तिथे ‘बिकेम’ वापरावे.

पुढे विशेषण आले तर

विशेषणाबरोबर मात्र ‘गेट’ म्हणजे सरळ ‘होणे’. ‘गेट टायर्ड’ म्हणजे दमणे, ‘गेट वेट’ म्हणजे भिजणे, ‘गेट अँग्री’ म्हणजे रागावणे, ‘गेट हंग्री’ म्हणजे भूक लागणे. ‘आय ॲम टायर्ड’ ही स्थिती आहे, दमलो आहे. ‘आय ॲम गेटिंग टायर्ड’ ही वाटचाल आहे, दमत चाललो आहे. हा भेद आपल्याकडे ‘चालणे’ हे सहायक क्रियापद दाखवते, त्यामुळे तो पटकन कळतो.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली म्हणजे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘आय ॲम गेटिंग लेट’. ‘मला उशीर होतोय’ याचे ते शब्दशः रूप आहे आणि भारतात सगळ्यांना कळते. पण लंडनच्या किंवा शिकागोच्या माणसाच्या तोंडी ते येत नाही. तो वेळेबद्दल बोलताना ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणतो आणि स्वतःबद्दल बोलताना ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा ‘आय ॲम गोइंग टू बी लेट’ म्हणतो. दुसरी चूक ‘आय ॲम गेटिंग बोअर’ ही. मराठीत ‘बोअर होणे’ हा वाक्प्रचार इतका रुळला आहे की शेवटचा ‘ड’ आपल्याला जाणवतच नाही, परंतु इंग्रजीत ‘बोअर’ म्हणजे कंटाळा आणणारा माणूस आणि कंटाळलेला तो ‘बोअर्ड’.

पुढे ठिकाण आले तर

ठिकाण आले की अर्थ पोहोचण्याचा होतो: ‘वुई गॉट टू सातारा ॲट नून.’ शहर, गाव, इमारत यांच्या आधी ‘टू’ लागतो. ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्या आधी लागत नाही. ‘रीच’ या शब्दाचे नेमके उलटे आहे, त्याला ‘टू’ कधीच चालत नाही. आपण मात्र ‘रीच्ड टू पुणे’ म्हणतो आणि ‘गॉट पुणे’ असेही लिहितो, म्हणजे एकाचा ‘टू’ दुसऱ्याला देऊन टाकतो. ‘गॉट पुणे’ म्हटले तर पेशव्यांच्या हातून कोणी पुणे घेतले असा भास होतो.

‘गॉट टू’ आणि ‘हॅव गॉट टू’

‘टू’च्या पुढे ठिकाणाऐवजी क्रियापद आले, तर आपल्याला अतिशय जवळचा अर्थ निघतो आणि तो शाळेत कोणी सांगत नाही. ‘आय गॉट टू सी द फोर्ट’ म्हणजे ‘मला किल्ला पाहायला मिळाला’. पाहायला मिळणे, खायला मिळणे, बोलायला मिळणे: संधी मिळाली, योग आला, या अर्थाने आपण ‘मिळणे’ वापरतो, नेमक्या त्याच अर्थाने इंग्रजी ‘गेट’ वापरते. हिंदीतही ‘देखने को मिला’ आहेच. ‘आय हॅड द ऑपॉर्च्युनिटी टू सी’ असे लांबण लावणाऱ्यांनी हे तीन अक्षरी रूप एकदा वापरून पाहावे.

पण त्याच वाक्यात ‘हॅव’ घातला की अर्थ पूर्ण फिरतो. ‘आय हॅव गॉट टू सी द फोर्ट’ म्हणजे ‘मला किल्ला पाहायलाच हवा’ किंवा ‘पाहावा लागणार आहे’. पहिल्या वाक्यात नशीब आहे आणि दुसऱ्यात सक्ती. मराठीत सांगायचे तर पहिले ‘मिळणे’ आणि दुसरे ‘लागणे’. गोंधळ वाढतो तो बोलताना, कारण इंग्रज माणूस ‘आय हॅव’ गिळून ‘आय’व्ह’ म्हणतो आणि अमेरिकन माणूस पुष्कळदा तेवढेही न म्हणता नुसते ‘आय गॉटा गो’ म्हणतो. ‘गॉटा’ असे जोडून ऐकू आले तर नव्वद टक्के नव्हे, जवळजवळ नेहमीच ते ‘लागणे’ असते. आणि काळाकडेही लक्ष ठेवावे: संधीचे ‘गॉट टू’ झालेल्या गोष्टीबद्दल असते, सक्तीचे ‘गॉटा’ अजून करायच्या गोष्टीबद्दल.

‘हॅव गॉट’पुढे क्रियापद न येता नाम आले तर तो ‘जवळ असणे’ एवढाच अर्थ देतो. ‘आय हॅव गॉट थ्री ब्रदर्स’ म्हणजे मला तीन भाऊ आहेत. ते कुठून आणलेले नाहीत. ब्रिटिश व्याकरणाची पुस्तके वापरून शिकलेल्या आपल्या पिढीला हे ठाऊक असते, पण मुलगी किंवा भाचा न्यू जर्सीत राहायला गेला की त्याच्या बोलण्यात ‘गॉटन’ ऐकू येते आणि ते अशुद्ध वाटते. ते अशुद्ध नाही. ‘गॉटन’ हे जुनेच रूप आहे, ब्रिटनमध्ये ते मागे पडले आणि अमेरिकेत टिकले. ‘फर्गॉटन’मध्ये ते दोन्हीकडे आजही आहे. अमेरिकन माणसाला त्याचा उपयोगही होतो: ‘शी हॅज गॉट अ कार’ म्हणजे तिच्याकडे गाडी आहे, आणि ‘शी हॅज गॉटन अ कार’ म्हणजे तिने गाडी घेतली. ब्रिटिश इंग्रजीत हा भेद संदर्भावरून काढावा लागतो.

करून घेणे, करायला लावणे

सर्वांत जास्त वेळ द्यावा असा भाग हा आहे, कारण इथे मराठी आपल्याला वाट दाखवते आणि एका ठिकाणी चकवतेही.

केशकर्तनालयातून आलेला मराठी माणूस ‘केस कापले’ म्हणतो. कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे सर्वांना माहीत असल्यामुळे ‘कापून घेतले’ म्हणायची गरज वाटत नाही. तेच इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ झाले तर त्याने आरशासमोर उभे राहून स्वतःच कात्री चालवली असा अर्थ होतो. म्हणायचे असते ‘आय गॉट माय हेअर कट’. क्रम लक्षात ठेवावा: ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. घड्याळ दुरुस्त करून घेतले, कपडे शिवून घेतले, कागद साक्षांकित करून घेतले, घर रंगवून घेतले: जिथे मराठीत ‘-ऊन घेणे’ बसते, तिथे ही बांधणी बसते. आपण ‘आय रिपेअर्ड माय स्कूटर’ लिहून मेकॅनिकच्या कामाचे श्रेय नकळत स्वतःकडे घेत असतो.

चकवा असा की हीच बांधणी अपघातालाही वापरली जाते. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे त्याने बोट दारात सापडवून घेतले नाही, ते सापडले. मराठी इथे दोन वेगळी क्रियापदे वापरून मोकळी होते, इंग्रजी ते ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर सोडते. कोणी मुद्दाम करून घेईल अशी गोष्ट आहे का, एवढे स्वतःला विचारले की उत्तर मिळते.

वस्तूऐवजी माणूस आला तर पुढे ‘टू’ आणि मूळ क्रियापद येते: ‘आय गॉट हिम टू साइन.’ मराठीत आपण ‘त्याला सही करायला लावली’ म्हणतो. पण ‘लावणे’ या एका शब्दात आपण धाकही बसवतो आणि मनधरणीही. इंग्रजी त्यांचे वेगळे खण करते. ‘आय मेड हिम साइन’ यात जोर आहे, त्याची इच्छा नव्हती. ‘आय हॅड हिम साइन’ यात अधिकार किंवा व्यवस्था आहे, साहेबाने कारकुनाला सांगितले आणि त्याने केली. ‘आय गॉट हिम टू साइन’ यात खटपट आहे, समजावले, गोड बोलले, चार वेळा फोन केले आणि शेवटी तो तयार झाला. ‘गेट’मधल्या बदलाचा धागा इथेही आहे: आधी तो तयार नव्हता. आणि या तिघांत ‘टू’ फक्त ‘गेट’च्या वाट्याला येतो. ‘मेड हिम टू साइन’ ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे. ‘टू’ काढून टाकावा.

‘गॉट’पुढे तिसरे रूप

‘गॉट फायर्ड’, ‘गॉट कॉट’, ‘गॉट बिटन बाय अ डॉग’: नोकरीवरून काढले गेले, पकडले गेले, कुत्रा चावला. इथे ‘गेट’ कर्मणी प्रयोगाचे काम करते आणि ते ‘वॉज’पेक्षा बोलीतले, घडलेल्या गोष्टीवर बोट ठेवणारे असते. आपला ‘जाणे’ हा सहायक असाच आहे. ‘फोन चोरीला गेला’ म्हणताना आपण जी हळहळ व्यक्त करतो, ती ‘माय फोन गॉट स्टोलन’मध्ये आहे. अर्ज किंवा तक्रार लिहिताना मात्र ‘वॉज स्टोलन’ असे लिहावे.

लग्नाच्या बाबतीत नेहमी घोटाळा होतो. ‘गेट मॅरीड’ हा प्रसंग आहे आणि ‘बी मॅरीड’ ही स्थिती. ‘दे गॉट मॅरीड इन २०१०’ आणि ‘दे हॅव बीन मॅरीड सिन्स २०१०’. नाव घेऊन सांगायचे तर ‘टू’ वापरावा, ‘विथ’ नव्हे. ‘सोबत लग्न झाले’ या आपल्या वाक्यातून ‘विथ’ येतो.

सोबतचे छोटे शब्द

‘अप’, ‘ओव्हर’, ‘बाय’, ‘थ्रू’ असे छोटे शब्द जोडले गेले की ‘गेट’च्या जोड्या तयार होतात. याद्या पाठ करून त्या टिकत नाहीत. प्रत्येक जोडीला एक मराठी वाक्प्रचार गाठ मारून ठेवावा, तो कोशातल्या अर्थापेक्षा नेमका बसतो. ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागणे: पगारात भागते, मोडक्यातोडक्या हिंदीत भागते. ‘गेट अवे विथ’ म्हणजे पचणे; ‘ही गॉट अवे विथ इट’ याला ‘त्याला ते पचले’ याहून चांगले मराठी मला अजून सुचलेले नाही. ‘गेट अलाँग विथ’ म्हणजे पटणे. ‘गेट द हँग ऑफ’ म्हणजे हात बसणे. ‘गेट अराउंड टू’ म्हणजे मुहूर्त लागणे, आणि तो आपल्यासारखाच बहुधा नकारार्थी वापरला जातो: ‘आय नेव्हर गॉट अराउंड टू इट’, मुहूर्तच लागला नाही. ‘गेट थ्रू’ म्हणजे फोन लागणे, ‘गेट टू समवन’ म्हणजे एखाद्याच्या मनाला लागणे. ‘लागणे’ पुन्हा पुन्हा येत आहे, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच. दोन्ही शब्द एकमेकांचे भाषांतर नाहीत, पण दोघांनी आपापल्या भाषेत सारखीच ओझी उचललेली आहेत.

‘गेट ओव्हर’ आणि ‘गेट इट ओव्हर विथ’ यांत गल्लत करू नये. पहिला म्हणजे दुःखातून, आजारातून सावरणे, त्याला वेळ लागतो. दुसरा म्हणजे नकोसे काम एकदाचे उरकून टाकणे. दात काढायला जाताना ‘लेट्स गेट इट ओव्हर विथ’ म्हणतात. दुःखात असलेल्या माणसाला ‘गेट ओव्हर इट’ असे म्हटले तर ते ‘पुरे झाले आता’ इतके कठोर होते.

वाहनांचा नियम शिकायला सोपा आहे. ज्या वाहनात उभे राहून चालता येते, म्हणजे बस, आगगाडी, विमान, बोट, त्याला चढताना ‘गेट ऑन’ आणि उतरताना ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावे लागते, म्हणजे मोटार, टॅक्सी, रिक्षा, त्याला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. घोडा, सायकल आणि मोटारसायकल यांवर आपण मांड टाकतो, म्हणून तिथे पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. भारतभर चालणारे ‘गेट डाऊन फ्रॉम द बस’ आपल्याकडे कोणालाही खटकत नाही आणि इथल्या इथे ते बदलायची गरजही नाही. परदेशात मात्र ‘गेट डाऊन’ म्हणजे शिडीवरून, झाडावरून किंवा भिंतीवरून खाली ये असे वाटते.

कुठे वापरू नये

जुन्या शिक्षकांना ‘गेट’ शब्दाचा राग असे आणि निबंधात तो आला की ते लाल शाईने खोडत. त्यामागे भाषेच्या घराण्याचा थोडा भाग आहे. हा शब्द लॅटिनमधून किंवा फ्रेंचमधून आलेला नाही. इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’ या क्रियापदापासून तो इंग्रजीत आला आणि साधारण १२००च्या सुमारापासून लेखनात दिसू लागला. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ ही फ्रेंचमार्गे आलेली मंडळी दरबारात बसली आणि ‘गेट’ ओसरीवर राहिला. आपल्याकडे ‘मिळणे’ आणि ‘प्राप्त होणे’ यांत जे अंतर आहे, तेच हे.

म्हणून कार्यालयीन पत्रात थोडी निवड करावी. समजा कोणी लिहिले: ‘आय गॉट युवर लेटर. आय डिडन्ट गेट द सेकंड पॉइंट. प्लीज गेट द पेपर्स टू अस बाय फ्रायडे सो दॅट वुई कॅन गेट द अप्रूव्हल.’ यात व्याकरणाची एकही चूक नाही, पण ते कट्ट्यावरचे बोलणे आहे. पहिल्या वाक्यात ‘रिसीव्ह्ड’ घालावा. दुसरे वाक्य ‘द सेकंड पॉइंट इज नॉट क्लिअर टू मी’ असे फिरवावे, म्हणजे दोष आपल्यावर राहतो आणि ज्याने तो मुद्दा लिहिला तो दुखावत नाही. तिसऱ्यात ‘सेंड’ आणि शेवटी ‘ऑब्टेन’. पण ही सुधारणा अंगात भिनू देऊ नये. ‘आय ऑब्टेन्ड अ कोल्ड’ किंवा मित्राला ‘काइंडली रिसीव्ह मी ॲट द स्टेशन ॲज आय शॅल अराइव्ह’ असे लिहिणारे आपल्याकडे आहेत. सर्दी ‘प्राप्त’ होत नाही, हे मराठीत ज्याला कळते त्याला इंग्रजीतही कळायला हवे.

शेवटी मागण्याच्या रीतीबद्दल. ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’ हे ‘पाणी आण’ इतके सरळ आहे आणि घरच्या माणसांतच शोभते. पाहुण्याने ‘कुड यू गेट मी सम वॉटर, प्लीज?’ असे म्हणावे. अमेरिकेत कॉफीच्या दुकानात ‘कॅन आय गेट अ कॉफी?’ म्हणणे रीतसर आहे. ब्रिटनमध्ये तरुण मंडळी तसे म्हणू लागली आहेत, परंतु तिथल्या वयस्कर माणसाला ते खटकते आणि काउंटरच्या पलीकडे जाऊन तुम्ही स्वतःच कॉफी घेणार आहात की काय, असे तो चेष्टेने विचारतो. त्याच्या समोर असाल तर ‘कॅन आय हॅव’ म्हणावे.